रिकाम्या सीटचा पट्टा

मंडळाच्या दिवाळी अंकात या वर्षी मीही काहीतरी लिहावं म्हणून आमच्या चिटणीसबाई गणपतीपासून मागे लागल्या होत्या. मी म्हटलं, बाई, मी गाड्यांच्या सीटा शिवणारा माणूस. माझं मराठी घरापुरतं, त्यातही निम्मं कन्नड. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघून घेऊ. तेव्हा यात जे नीटनेटकं दिसेल ते त्यांचं समजावं.

मी पांडुरंग राव. राव हे आमचं आडनाव नाही, पण बंगळूरमध्ये जुन्या मराठी माणसाला ते आपोआप चिकटतं. आम्ही शिंपी. पणजोबांनी चिकपेटमध्ये मशीन टाकलं, आजोबा आणि वडील त्याच गल्लीत कोट-पँटी शिवत राहिले. माझा हात मात्र कापडापेक्षा रेक्झिनवर आणि कॅनव्हासवर बसला. वडिलांना ते कधी पटलं नाही. माणसांची मापं सोडून बाकड्यांची मापं घेतोस, असं ते पाहुण्यांसमोरसुद्धा सांगायचे. चिकपेटच्या गल्लीत मोटार शिरेना म्हणून मी के. आर. पुरमला शेड घेतली. पुढच्या खोलीत माझी बायको शकुंतला ब्लाउज शिवते आणि मागे मी सीटा, हूड आणि पट्टे करतो. गुडघे बोलायला लागल्यापासून कामं निवडून घेतो, पण शेड काही बंद केलेली नाही.

सीटा आणि हुडांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहावं तर पट्ट्यांबद्दल.

आपल्या साध्या मोटारीतला पट्टा स्वतःच आत गुंडाळला जातो, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. छप्पर नसलेल्या स्पोर्ट्स कारमधला पट्टा तसा नसतो. दोन पट्टे खांद्यांवरून खाली येतात, दोन कमरेच्या बाजूंनी पुढे येतात आणि चारही पोटावर एका बकलात अडकतात. प्रत्येकावर एक लोखंडी कडी असते. कडीतून पट्टा ओढला की तो अंगाला बसतो आणि ओढून जो उरतो तो लोंबत राहतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. माणूस जाड असेल तर शेपूट आखूड, बारीक असेल तर लांब. गाडी वेगात निघाली आणि वारा आत आला की ही शेपटं फडफडायला लागतात, मानेवर आणि गालावर सपासप बसतात. म्हणून ती गुंडाळून इलॅस्टिकच्या छोट्या पट्टीत खोचायची. तेवढं केलं की काम झालं.

रिकाम्या सीटचं मात्र तेवढ्याने भागत नाही. तिथे चारही पट्टे मोकळे. एखादा दारावरून बाहेर गेला तर रंग खरवडून काढतो आणि मागच्या चाकात गेला तर पुढचं सांगायला नको. म्हणून आमच्यात रीत आहे. शेजारी कुणी बसणार नसेल तर पट्टे बकलात अडकवायचे आणि सीटच्या पाठीला चिकटेपर्यंत ओढायचे, मध्ये बोटही शिरता कामा नये. आणखी एक नियम म्हणजे पट्ट्याला सुई लावायची नाही. टोचलेला पट्टा ऐन वेळी टोचलेल्या जागीच दगा देतो. शिंप्याच्या पोराला हे अंगवळणी पडायला वेळ लागला, कारण सैल काही दिसलं की आमचे हात आधी सुई शोधतात.

या धंद्यात गिऱ्हाइकं फार करमणूक करतात. नागपूरकडचा एक आयटीवाला आपल्या छोट्या मोटारीत शर्यतीचे पट्टे लावून मागायला आला. मी विचारलं, कुठे चालवता? म्हणाला, आउटर रिंग रोडला, ऑफिसला. तिथे सकाळी माणूस चालत पुढे निघून जातो. पण त्याची हौस मोठी, मी पट्टे बसवून दिले. थोड्याच दिवसांत परत आला. खांदे जखडल्यामुळे ऑफिसच्या गेटवर कार्ड दाखवायला हात पोचत नव्हता, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि वॉचमन याला रोज बकल सोडायला मदत करत होता. मी मुकाट्याने पट्टे काढून दिले. एकदा शूटिंगवाले आले होते. उघड्या गाडीत नायिका बसणार, तिची ओढणी उडाली पाहिजे पण पट्टा उडता कामा नये, असं त्यांचं मागणं. मी पट्टा बांधून दिला. ओढणीची जबाबदारी घेतली नाही.

सबनीस पतीपत्नी आले ते असेच एका सकाळी. सबनीस मूळ पुण्याचे, सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालेले, बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीत राहायचे. गाडी दोन सीटांची, गडद हिरवी, छप्पर नावालाही नाही. ते गाडीभोवती फिरून मला इंजिनाची माहिती देत होते. त्यांच्या पत्नी, नीलाताई, बसल्या जागीच मान वर करून मला म्हणाल्या, "अण्णा, इंजिन राहू दे. आधी हे बघा."

मानेवर लाल वळ उठले होते.

"रिटायर झाल्यावर लोक बायकोला युरोप दाखवतात," त्या म्हणाल्या, "यांनी मला हे दिलं. मी म्हटलं, चला, निदान हवा तरी लागते. पण हा पट्टा मला अक्षरशः फोडून काढतो. सोसायटीत बायका विचारतात काय झालं, त्यांना काय एक्स्प्लेन करू?"

"अगं, मी टेप लावू म्हटलं होतं," सबनीस म्हणाले.

"टेप तू तुझ्या लॅपटॉपला लाव."

त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि अंगाने अगदी लहानखुऱ्या होत्या, त्यामुळे शेपटं भलतीच लांब उरत होती. मी रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्या करून दिल्या, गुंडाळायचं कसं ते दाखवलं. त्यांच्या बोटांचे सांधे धरलेले असायचे, पट्टा त्यांना स्वतःला ओढता येत नसे. सबनीस वाकून चारही पट्टे ओढायचे आणि मी शिकवल्याप्रमाणे खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचे. त्या म्हणायच्या, "श्वासापुरती जागा ठेव." मग ते थोडं सोडायचे. पुन्हा थोडं ओढायचे. शेवटी त्या म्हणायच्या, "सरी." म्हणजे ठीक आहे. भाजीवाल्याकडून उचललेला हा एवढाच कन्नड शब्द त्यांच्याजवळ होता, पण त्यावर त्यांचं सगळं भागायचं. शकुंतलेकडे त्या कॉफी पीत बसायच्या. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण नंतर शकुंतला दिवसभर खुशीत असायची.

उघड्या गाड्या बाळगणाऱ्यांचा या गावात एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी सगळे मिळून गावाबाहेर चक्कर मारतात आणि इडली खाऊन परत येतात. सबनिसांनी माझं नाव सांगितलं आणि एका रविवारी मला तिथे पट्टे कसे बांधावेत ते दाखवायला बोलावलं. मी आयुष्यात प्रथमच एवढ्या लोकांपुढे बोललो. नीलाताई म्हणाल्या, "मी उतरते, माझीच सीट रिकामी करून दाखवा." त्या उतरल्या, मी पट्टे बकलात घातले आणि सगळ्यांना दाखवत शेवटपर्यंत ओढले. विमानदलातून निवृत्त झालेले शेट्टी नावाचे एक गृहस्थ पुढे उभे होते. प्रत्येक फेरीआधी गाड्या तपासण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी मला दोनदा करून दाखवायला लावलं आणि मग स्वतः करून पाहिलं. नीलाताई परत बसल्यावर सबनिसांनी पुन्हा सगळं सैल करून, पुन्हा ओढून, सरी म्हणेपर्यंत जमवलं. तोवर इडलीची वेळ झाली म्हणून लोक हसत होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

त्यानंतर बरेच महिने ते दोघं आले नाहीत. मग एक दिवस सबनीस एकटे आले. गाडी शेडमध्ये लावली आणि सीटवरच बसून राहिले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई नाही आल्या?"

"नीला गेली," ते म्हणाले. "पावसाळ्यात. फार दिवस नव्हती आजारी." आणि लगेच पुढे म्हणाले, "अण्णा, तिच्या बाजूचा पट्टा उडतोय. सिग्नलला एका बाइकवाल्याने सांगितलं, सर, तुमचा बेल्ट बाहेर लटकतोय. दारावर चरे पण पडलेत."

मी कामाचंच बोललो. म्हणालो, "त्यात काय, साहेब. बकलात घालून ओढून टाकतो."

मी वाकलो तसा त्यांनी माझा हात धरला.

"ओढायचं नाही."

मला वाटलं, बकल बिघडलंय. मग त्यांनी सांगितलं. हॉस्पिटलमध्ये ठेवण्याआधी एकदा नीलाताईंनी हट्टाने गाडीतून फिरवायला लावलं होतं. त्या वेळी सबनिसांनी पट्टे ओढले, त्या सरी म्हणाल्या, आणि कड्या तेव्हापासून तिथेच होत्या. घरातलं कपाट त्यांच्या मेहुणीने पहिल्याच महिन्यात रिकामं केलं होतं. "मीच म्हणालो तिला, घेऊन जा सगळं. मला ते कपाट उघडवत नव्हतं. साड्या, ड्रेस, चपला, सगळं गेलं. आता तिच्या अंगाचं म्हणावं असं एवढंच आहे. बकलापासून या कडीपर्यंत. एवढी ती होती."

त्यांनी ते बोटाने दाखवलं. मी शिंप्याच्या घरात वाढलोय, पण माप हे असं कुणाच्या हातात मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते दिसू नयेत म्हणून मी उगाच मागच्या कप्प्यात कॅनव्हास शोधत राहिलो.

"शिवून टाका कडीपाशी," ते म्हणाले. "म्हणजे हलणार नाही."

मी म्हटलं, "पट्ट्याला सुई लावत नाही, साहेब. मग त्यावर माणूस बसवता येत नाही."

"कुणी बसणार नाहीये."

"आज नाही. पुढे कधीतरी, कुणी."

ते रागावले असावेत. पण मी सुई लावली नाही, ते एक बरं केलं असं मला अजून वाटतं. लहान मुलीचा फ्रॉक शिवताना आम्ही वाढीचं कापड कापत नाही, आत मुडपून ठेवतो. तसंच करायचं मी ठरवलं. कडीला हात न लावता पट्ट्यांचा सैल भाग घडी घालून घेतला, त्यावर कॅनव्हासची खोळ केली आणि खोळ प्रेस बटणांनी सीटच्या दांड्याला अडकवली. पट्टा हलत नव्हता, फडफडत नव्हता आणि माप जिथल्या तिथे होतं. सबनिसांनी मुख्य रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून पाहिली. परत आले आणि म्हणाले, "शांत आहे." शकुंतलेने त्यांना कॉफी दिली.

पुढे ते अधूनमधून येत राहिले. काम काढून येत, पण काम नसायचं. खोळीची बटणं नीट आहेत ना, एवढं बघून घ्यायचे. एकदा म्हणाले, "रविवारी ग्रुपबरोबर जावं म्हणतो. घरात बसून डोकं फिरतं." मी म्हटलं, जा, नक्की जा. शकुंतलाही त्यांना म्हणाली, "होगबन्नी अण्णा, जाऊन या. चार माणसांत बरं वाटेल."

ते त्या रविवारी गेले. सोमवारी सकाळी शेड उघडायला गेलो तर गाडी दारात उभी. ते सीटवर नव्हते, बाहेर पायरीवर बसले होते. मी डाव्या सीटकडे पाहिलं. खोळ घडी करून पायाशी ठेवलेली होती. चारही पट्टे बकलात, सीटच्या पाठीला चिकटून, ताठ. शेपटं गुंडाळून माझ्याच इलॅस्टिकमध्ये खोचलेली. इतकं स्वच्छ काम मीसुद्धा रोज करत नाही.

"मी पैसे द्यायला इडलीच्या काउंटरवर गेलो होतो," सबनीस म्हणाले. "परत आलो तर शेट्टी हात पुसत उभे. म्हणाले, सबनीस, तुमच्या रिकाम्या सीटचे बेल्ट आत सैल होते, ते कव्हर कशाला घातलंत, मी प्रॉपर करून ठेवलेत. अण्णांनी शिकवलंय तसं."

शेट्टींची चूक नव्हती. कुणाचा लोंबता पट्टा मागच्या चाकात जाऊ नये म्हणून ते उन्हात वाकून प्रत्येक गाडी तपासतात. मी शिकवलेलं एक अक्षरही ते विसरले नव्हते. त्यांच्या जागी मी असतो आणि मला काही ठाऊक नसतं, तर मीही तेच केलं असतं.

"त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही. थँक यू म्हणालो. काय सांगणार?" मग ते उठले. "अण्णा, तुम्ही शिंपी. तुम्ही ते पट्टे हातात घेतले होते. कडी कुठे होती ते तुम्हाला सापडेल."

मी पट्टे सोडले आणि बाहेर उजेडात धरले. एरवी हे सोपं असतं. उघड्या गाडीत ऊन लागून पट्टा विटतो आणि कडीखालचा भाग तेवढा गडद राहतो, म्हणजे माप आपोआप लिहिलं जातं. पण ही गाडी इमारतीखाली सावलीत असायची आणि नंतर यावर मी खोळ घातली होती. ऊन लागलंच नव्हतं, सगळा पट्टा सारखाच काळा. कडीच्या दाताने पडणाऱ्या पुसट वळ्या होत्या, पण त्याही एक नव्हे, बऱ्याच. थंडीत स्वेटर घातला की सैल, उन्हाळ्यात सुती कुर्ता असला की घट्ट. आजारात अंग उतरलं तशी आणखी वर. सगळ्या नीलाताईंच्याच होत्या, पण शेवटची कुठली ते पट्ट्यावरून कळत नव्हतं.

शकुंतला पुढच्या खोलीतून आली होती. तिने पाहिलं आणि सवयीने सबनिसांना विचारलं, "मापाचा ब्लाउज असेल ना घरी, अण्णा? त्यावरून मी काढून देते." बायका शिंप्याकडे नीट बसणारा एक जुना ब्लाउज मापाला देतात, तो तिच्या मनात आला. बोलून झाल्यावर तिलाच आठवलं, कपाटाचं. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तुमच्या जागेवर बसा. मी एकेक वळीवर कडी आणतो. तुम्ही बघा. तुम्हीच रोज ओढत होता, तुम्हाला कळेल."

ते उजवीकडे बसले. मी डावीकडे वाकून बकल लावलं आणि कडी एका वळीवर आणली. पट्टे सीटपुढे कमानीसारखे उभे राहिले. त्यांनी पाहिलं. "थोडं सैल," ते म्हणाले. मी सोडलं. "नाही, एवढं नव्हतं." मी ओढलं. "इथे... नाही. खाली." त्यांनी हात पुढे केला, खांदा असतो तिथे दोन बोटं घातली, थांबले. पुन्हा काढली. मी दुसऱ्या वळीवर नेलं, तिसऱ्या वळीवर नेलं. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. ते डोळे मिटून बोटं तिथेच धरून बसले होते आणि मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील.

"अण्णा," ते डोळे न उघडता म्हणाले, "मला आठवत नाही."

मी कडी होती तिथेच धरून ठेवली.

"रिटायर झाल्यापासून तिच्याबरोबर एवढं फिरलो. तिचा आवाज आठवतो. ही एवढी गोष्ट मला आठवत नाही. तीच सांगायची ना, कुठे थांबायचं ते. मी कुठे लक्ष ठेवलं."

मी म्हटलं, "मधल्या वळीवर ठेवू का? ते जवळपास असेल."

"जवळपास म्हणजे ती नाही."

त्यांनी डोळे उघडले. मग बोटं काढून घेतली आणि हात स्वतःच्या मांडीवर ठेवले. खोळ पायाशी पडली होती, ती उचलून त्यांनी माझ्याकडे दिली.

"ही तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "ओढा."

मी कडीला हात लावला आणि थोडंसंच ओढलं.

"अजून," ते म्हणाले. "शेवटपर्यंत ओढा, अण्णा. नाहीतर बाहेर जाईल."

मी ओढलं. पट्टे सीटच्या पाठीला चिकटले.